चढावरची धावपट्टी

प्रिय बबडे,

हे पत्र तुझ्या हाती पडेल तेव्हा ते तुझ्याच विमानातून वर आलेलं असेल. टपालाच्या पिशवीत, औषधांच्या खोक्यांखाली कुठेतरी, तुझ्या पाठीमागे हातभर अंतरावर माझं पत्र पडलेलं असणार आणि तुला त्याची कल्पनाही नसणार. लिहायला बसल्यापासून मला याचंच हसू येतंय. अख्खं खोरं तुला कॅप्टन म्हणतं हे मला ठाऊक आहे, पण मी बबडीच म्हणणार. जिला जिना उतरताना माझं बोट धरावं लागायचं तिला कॅप्टन म्हणायला माझी जीभ वळत नाही.

आता तुझ्या प्रश्नाबद्दल. कंपनीच्या शहरातल्या ऑफिसात तुला जागा मिळतेय, आमच्या घरापासून चालत जाण्यासारखी. विमान उडवायचं नाही, टेबलाशी बसून बाकीच्या वैमानिकांच्या फेऱ्या लावायच्या. घेऊ की नको, ताई, तू सांगशील तसं, असं तू फोनवर म्हणालीस. विचार करून लिहिते असं मी म्हटलं, तेव्हा काय म्हणालीस, असं तू पलीकडून दोनदा विचारलंस. बरोबरच आहे. इतकी वर्षं मी प्रत्येक फोनवर खाली ये, खाली ये म्हणून तुझं डोकं खाल्लं आणि आता तू यायला निघालीस तर मी विचार करते म्हणतेय! तर मी केला विचार. उत्तर शेवटी लिहिलंय. गोष्टीची पुस्तकं मागच्या पानापासून वाचायची तुझी खोड मला माहीत आहे, म्हणून बजावते, सगळं ओळीने वाच.

तुझ्या भावोजींचं कॉम्प्युटरवरचं विमान तू पाहिलेलं आहेस. दिवसभर डोळ्याला भिंग लावून लोकांची घड्याळं दुरुस्त करायची, आणि दुकान बंद करून घरी आलं की त्या सिम्युलेटरसमोर बसून आणखी घड्याळं बघायची, फक्त ही विमानातली, असं मी त्यांना चिडवायची. एका भिंतीला माझं शिवणयंत्र, समोरच्या भिंतीला त्यांचं विमान, मध्ये जेवणाचं टेबल, असा आमचा संसार. मी कधी त्या खुर्चीत बसेन असं कुणी म्हटलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. पण माझी ती भानगड झाली, डावा हात लुळा पडला, शिवणयंत्रावर झाकण पडलं, आणि व्यायामाच्या बाईंनी दाबायला एक रबरी चेंडू दिला. सकाळ-दुपार चेंडू दाबत खिडकीत बसायचं. लहान मूल असतं तर त्यानेही फेकून दिला असता. मीही दिला, तो गेला कपाटाखाली. तेव्हा तुझ्या भावोजींनी काही न बोलता इंजिनाचा जोर कमीजास्त करायचा तो दांडा, ज्याला थ्रॉटल म्हणतात हे मी तुला शिकवायला नको, स्क्रू काढून उजवीकडचा डावीकडे बसवला. मग मला म्हणाले, जरा येतेस का, एवढा धरून बस, मला नकाशा बघायचाय. त्यांना मेलं धड खोटंही बोलता येत नाही. पण मी जाऊन बसले.

आता या खेळाची एक गंमत सांगते, म्हणजे पुढची फजिती तुला कळेल. त्यात अख्खी पृथ्वी आहे, पण ती तयार कपड्यांच्या दुकानातल्या कोटासारखी. सगळ्यांना होतो आणि कुणालाच नीट बसत नाही. मोठमोठी विमानतळं झकास केलेली असतात, पण जरा आडबाजूला गेलं की जिकडे तिकडे तीच ठोकळ्यांची घरं आणि तीच झाडं. म्हणून हौशी लोक काय करतात, एकेक जागा घेतात आणि ती माप घेऊन, बेतून, नव्याने बनवतात. तिथली खरी घरं, खरे रस्ते, पाट्या, कुंपणं, विजेचे खांबसुद्धा. त्याला सीनरी म्हणतात. ती इंटरनेटवर ठेवायची, ज्याला हवी त्याने उतरवून घ्यायची आणि आपल्या सिम्युलेटरमध्ये बसवायची. महिनोन्‌महिने खपून केलेलं काम हे लोक ओळखदेख नसलेल्या माणसांना वाटून टाकतात. माझ्या धंद्यात असं कुणी केलं तर घरचे त्याला आधी डॉक्टरकडे नेतील. एका संध्याकाळी भावोजी अशाच सीनऱ्या चाळत बसले होते आणि एकदम ओरडले. मला वाटलं, उंदीर निघाला. पण निघालं तुझं खोरं. तुझी धावपट्टी कुणीतरी बनवून ठेवली होती!

माझ्या डोक्यात तेव्हा तुझा प्रश्न घोळत होताच. भावोजी म्हणाले, उत्तर द्यायच्या आधी बघून तर घे ती कुठे राहते ते. मला पटलं. इतक्या वर्षांत मी एकदाही वर आले नाही; ते टीचभर विमान आणि ती खिंड या दोन्हींच्या नावानेच माझे हातपाय गळतात. म्हटलं, चला, खुर्चीत बसल्याबसल्या जाऊन येऊ.

आता तुझ्या भावोजींचा स्वभाव तुला माहीत आहे. दुकानात प्रत्येक स्क्रूला डबी, डबीला खोकं, खोक्यावर चिठ्ठी. उतरवलेली सीनरी सांगितलेल्या जागी सरळ टाकायची सोडून त्यांनी तिथे आधी एक नवं फोल्डर केलं, त्याला 'मेहुणीबाई' असं नाव दिलं आणि तुला त्यात निगुतीने ठेवून दिलं. मला बोलावून दाखवलंसुद्धा, बघ, कशी जागच्या जागी बसली. मग विमान तुझ्या खोऱ्यात नेलं. आणि काय सांगू, मी हरखूनच गेले. लांबलचक सपाट धावपट्टी, दोन्ही अंगांना हिरवळ, कडेने निळ्या छपरांची टुमदार घरं, त्यापलीकडे एक तळं. तुझं घर कुठलं यावरून आमची हुज्जत झाली. त्यांचं म्हणणं, तू धावपट्टीजवळच राहणार; मी तळ्याकाठचं धरून बसले, कारण तुला खिडकीतून पाणी दिसलेलं आवडतं. शेवटी माझंच खरं झालं, नेहमीप्रमाणे. वरच्या मजल्यावरच्या नर्सबाईंना मी मुद्दाम बोलावून आणलं आणि हे माझ्या बहिणीचं घर म्हणून भाव खाल्ला. त्या म्हणाल्या, मजा आहे बाई तुमच्या बहिणीची.

मग मला चटकच लागली. रोज दुपारची आवराआवर झाली की मी खुर्चीत. उजव्या हातात जॉयस्टिक, डावा हात दांड्यावर नुसता ठेवलेला, पेपर उडू नये म्हणून त्यावर वजन ठेवतात तसा. पण तेवढं पुरायचं. पट्टी इतकी लांब की जोर कमी केला काय आणि न केला काय, विमान कुठे ना कुठे टेकायचंच. खरं सांगू? मला तुझा चांगलाच राग आला. मी इथे जीव मुठीत धरून बसायचं, वादळाची बातमी आली की घास घशाखाली उतरायचा नाही, आणि तिकडे तुला ही असली इस्त्री केलेली धावपट्टी! असं विमान तर मीही उतरवते, आणि तेही दीड हाताने. मग हे सोडून टेबलाशी बसलीस तर तुझं असं काय मोठं जाणार होतं? झालं, तुझं उत्तर मला मिळालं होतं. ये, असंच सांगायचं ठरवून मी तुला फोन लावला होता. तुला आठवत असेल, पण आधी मी तुझ्या निळ्या छपराचं आणि तळ्याचं कौतुक सुरू केलं. कसलं तळं, असं तू विचारलंस, आणि तेवढ्यात तुमच्या त्या वरच्या फोनने नेहमीसारखी मान टाकली.

तळंच नाही म्हटल्यावर आम्ही दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो. मग भावोजींनी जे सगळ्यात आधी करायचं ते सगळ्यात शेवटी केलं, सीनरी बनवणाऱ्याने लिहिलेल्या सूचना वाचल्या. त्यात अगदी स्वच्छ लिहिलं होतं की हे फोल्डर दुसऱ्या कुठल्याही फोल्डरमध्ये न घालता आहे तसं ठेवावं, नाहीतर सिम्युलेटरला ते सापडत नाही. आणि खाली एक ओळ होती: धावपट्टी सपाट आणि छपरं निळी दिसत असतील तर माझं काम तुम्ही अजून पाहिलेलंच नाही. तुझ्या भावोजींचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. म्हणजे इतके दिवस आम्ही जे तुझं म्हणून मिरवत होतो ते खेळाने आपल्या पदरचं, कुठेही चालेल असं चिकटवून दिलेलं गाव होतं. आणि खरी मेहुणीबाई चिठ्ठी लावलेल्या डबीत बंद. बरं, त्या यंत्राने तरी सांगावं की नाही? चकार शब्द काढला नाही. मी ज्या घराच्या खिडकीला मनातल्या मनात पडदे लावले होते त्या घरात कुणी राहतच नव्हतं.

तुला डबीतून बाहेर काढलं, तर धावपट्टी आली ती थेट हवेत! खाली मोकळी दरी आणि वर भिंतीतल्या फळीसारखी लटकलेली तुझी पट्टी, तिच्यावर एक शेड, एक बाक आणि काही शेळ्या. मला इतकं हसू लोटलं की डोळ्यांत पाणी आलं. पुन्हा सूचना वाचल्या. डोंगरांचे खरे चढउतार वेगळे उतरवून आधी घालायचे असतात, त्याशिवाय वरचं गाव जमिनीवर बसत नाही. अस्तर विसरून कोट शिवायला घेतला की तोही असाच कुठेतरी लोंबतो. ती डोंगरांची फाइल एवढी अवजड होती की ती उतरेपर्यंत आमचा चहा झाला, भांडी झाली, भावोजींचे दोन रुसवे झाले.

आणि मग तुझं खोरं दिसलं. काय लिहू मी? खिंडीतून आत शिरल्यावर दोन्ही बाजूंचे कडे इतके जवळ आले की मी खुर्चीत अंग चोरलं. खाली गढूळ नदी. आणि समोर डोंगराच्या पोटाशी ती धावपट्टी, धावपट्टी कसली, चढ! आपल्या शाळेवरून पुढे गेलं की सायकल हातात धरून चढायला लागायचं, तसा चढ. तो सुरू होतो दरीच्या काठाला आणि संपतो डोंगराच्या भिंतीला. एकदा आत शिरलं की वळून परत जायला जागाच नाही. भावोजी म्हणाले, ही इथे रोज उतरते.

भीती जरा ओसरल्यावर मी विमान वरच्या मोकळ्या जागेत उभं करून ठेवलं आणि नुसतं बघत बसले. हे काम ज्याने केलंय त्याचे हात धरावेत असं वाटलं, बबडे. आकाशातून काढलेले फोटो एकाला एक जोडून ही जमीन केलेली असते, आणि मी शिवणारी बाई, माझी नजर आधी जोडावर जाते. बाकी ठिकाणी तो हटकून दिसतो. इकडचा तुकडा वाळलेला, तिकडचा हिरवागार, मध्ये सरळ रेघ. इथे मी सगळं खोरं पालथं घातलं, मला जोड सापडला नाही. वारा कुठून येतो ते दाखवणारी तुमची ती कापडी पिशवी फाटलेली आहे आणि तिला वेगळ्याच केशरी रंगाचं ठिगळ आहे, तेही त्याने दाखवलंय. शेडखालचा तो गंजलेला वजनकाटा, ज्याच्यावर तू पोती आणि माणसं एकाच तोऱ्यात उभी करतेस, तो आहे. शेळ्यांना हाकलायचा भोंगा खांबावर आहे, आणि शेळ्यांची पायवाट भोंग्याला न जुमानता धावपट्टी तिरकी ओलांडून जाते. दवाखान्याच्या भिंतीला एक स्ट्रेचर टेकवून ठेवलंय, कापड मध्ये खोलगट झालेलं. त्या स्ट्रेचरवरून माझी नजर हलेना. त्यावरून आलेली माणसं तुझ्याकडेच येत असणार, दुसरीकडे कुठे जाणार ती?

हा बनवणारा कोण, तर दातांचा डॉक्टर. सूचनांच्या शेवटी त्याने लिहिलंय की खोऱ्यात तो मुलांचे दात तपासायला आला होता, धुकं बसलं आणि तिथेच अडकला, आणि करायला काही नव्हतं म्हणून फोटो काढत हिंडला. धुकं उठल्यावर वैमानिक बाईंनी त्याला खाली नेलं. तो भीतीने डोळे मिटून बसला होता आणि त्या मात्र दाढ दुखते, काय करू, असं त्याला विचारत होत्या. आता ही बाई कोण हे ओळखायला मला जास्त डोकं खाजवावं लागलं नाही. दाढ दाखवलीस का पुढे? नसशीलच.

आणि तू आहेस त्यात. हो, तू! शेडच्या खांबाशी एक बाई उभी आहे, कमरेवर हात, मान जराशी तिरकी. चेहरा ओळखू येण्यासारखा नाही, बोटभर तर उंची. पण अंगात गर्द हिरवं जाकीट आहे आणि त्याच्या बाहीवर, कोपराच्या खाली, एक खिसा आहे. असा खिसा जगात कुणी लावत नाही. तू पेन्सिल हरवतेस म्हणून तो मी लावला होता, आणि तेव्हा तू नाक मुरडलं होतंस की हे काय विदूषकासारखं. मी तो खिसा बघितला आणि बबडे, मी रडले. मोठ्याने रडले. भावोजी धावत आले, त्यांना वाटलं मला पुन्हा काही झालं. मी पडद्यावर बोट ठेवून दाखवलं तर तेही चष्मा पुसायला लागले. नर्सबाईंना पुन्हा बोलावलं. त्यांनी बघितलं आणि या वेळी मजा आहे वगैरे काही म्हटलं नाही. एवढंच म्हणाल्या की आमच्या हॉस्पिटलात डोंगरातले पेशंट येतात ते यांच्यामुळे येतात होय.

मग मी तिथे उतरायला लागले, आणि माझं सगळं शहाणपण उतरलं. चढ समोर असला की आपण फार उंचावर आहोत असं वाटतं. मी खाली खाली यायची आणि काठाच्या अलीकडेच दरीत. पुन्हा. पुन्हा दरीत. मी तुला लहानपणी कापड मोजायला शिकवताना सांगायची ना, डोळ्यावर भरवसा ठेवू नकोस, टेप लाव. पण तिथे टेप कुठून आणू? कधी घाबरून वर राहायची ती थेट डोंगरावर. आणि सगळं जमलं तरी शेवटी ते असतंच, चढावर टेकताना नाक उचलायचं आणि त्याच क्षणी जोर वाढवायचा, नाहीतर विमान धाडकन आदळतं. जोर वाढवायचा म्हणजे डाव्या हाताने. माझा डावा हात तर वजनासारखा नुसता ठेवलेला. मी सांगायची, तो ऐकायचा नाही. ऐकायचा तेव्हा विमान केव्हाच मोडलेलं असायचं. इतक्यांदा मेले मी की मोजायचं सोडून दिलं. आणि प्रत्येक वेळी एकच विचार, ही हे खरोखरचं करते. मागे माणसं बसवून करते. आणि फोनवर मी विचारलं की काय म्हणते, काही नाही गं ताई, जरासा चढ आहे.

जरासा चढ! तेव्हा मला वाटलं, आत्ताच्या आत्ता फोन करावा आणि सांगावं की घे ती टेबलाची जागा, उद्याच घे, दाराला कुलूप लाव आणि निघ. आधी वाटत होतं काम सोपं आहे म्हणून सोड, आता वाटायला लागलं अवघड आहे म्हणून सोड. तुझी ताई कशी आहे बघ, काहीही दिसलं तरी तिचं उत्तर तेच.

पण मी खुर्ची सोडली नाही. आणि रविवारी दुपारी ते झालं. खिंड ओलांडली, नदी डावीकडे ठेवली, तुझ्या शेडचं छप्पर हातातल्या सुईसारखं नजरेत धरून ठेवलं. डोळे सांगत होते फार वर आहेस, मी ऐकलं नाही. काठ पायाखालून गेला. नाक उचललं, आणि डाव्या हाताला मी काही सांगायच्या आत तो पुढे सरकला. आपणहून! चाकं टेकली, विमान चढ चढत गेलं आणि शेडपाशी, तुझ्यासमोर, येऊन उभं राहिलं. हॉस्पिटलातून आल्यापासून त्या हाताने पहिल्यांदा माझ्याआधी काहीतरी केलं होतं. जेव्हा नवरीच्या पोशाखाचं भारी कापड समोर पसरलेलं असायचं, एकच काप, चुकला तर परत नाही, आणि कात्री सरळ चालत जायची, तेव्हा छातीत जे व्हायचं ना, तेच झालं. मी विसरूनच गेले होते तसं असतं ते. मग मला कळलं की हे तुला रोज होतं. रोज सकाळी, खरोखरच्या डोंगरात. आणि मी तुला ते सोडून ये म्हणणार होते. बबडे, धडधाकट बाईने हात मांडीवर ठेवून दुसऱ्यांचं काम बघत बसणं काय असतं, हे मला आता चांगलं ठाऊक आहे. माझ्यावर ते आलं, त्याला इलाज नाही. तू मागून का घ्यावंस? मला तुझा इतका अभिमान वाटतो की तो कुठे ठेवू ते कळत नाही, आणि हे मी तुला आजवर कधी म्हटलेलं नाही, म्हणून लिहून ठेवते.

आता तुझं उत्तर. मी त्या चढावर उतरले तेव्हा तुझे भावोजी शेजारी होते. आनंदाच्या भरात ते बोलून गेले की बघ, मी तिला सांगत होतो तुझा हात सुधारतोय म्हणून, तरी तिने अर्ज केलाच. कसला अर्ज, मी विचारलं. मग काय, सांगितलंच ना तुला, त्यांना खोटं बोलता येत नाही. म्हणजे ती जागा तुला कुणी देऊ केलेली नाही. तूच साहेबांच्या मागे लागून मागितलीस, मला अर्धांगाचा झटका आल्यावर, ताईजवळ कुणीतरी असावं म्हणून. आणि मला विचारायचं नाटक केलंस, कारण मी हो म्हणणार याची तुला खात्री होती. तर नाही. हात पूर्वीसारखा होणार नाही, डॉक्टरांनी तसं सांगून टाकलंय आणि मी ते ऐकून घेतलंय. सुईत दोरा भावोजी ओवतात, भाकरतुकडा आम्ही दोघं मिळून करतो, आमचं बरं चाललंय. आठवण येते, रोज येते, ती तू इथे टेबलाशी कोमेजून बसलीस तर कमी होणार नाही. भेटायचं असेल तर मी येते. खालच्या गावापर्यंत गाडीने आणि तिथून तुझ्या शेजारच्या खुर्चीत, डोळे उघडे ठेवून. तो अर्ज मागे घे. इतकं करून मागितलेलं आता कसं नाकारू अशी साहेबांपुढे लाज वाटली, तर सगळं माझ्यावर ढकल. म्हणावं, ताईला विचारलं, ताई नको म्हणाली.

तुझीच,
ताई